अनुबोधपटातील बोलणारा माणूस: न्यूयॉर्कच्या फिल्म फोरममधील तीन चित्रपटांच्या निमित्ताने

१

अनुबोधपटाची चर्चा सामान्यतः दृश्याच्या अनुषंगाने होते. कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य सहज घडलेले की मुद्दाम घडवून आणलेले, हा तिच्यातील मुख्य प्रश्न असतो. भाषेच्या अभ्यासकास ह्या चित्रपटांत आणखी एक प्रश्न दिसल्याखेरीज राहत नाही. पडद्यावर जो माणूस बोलतो, त्याच्या बोलण्याचा अर्थ सांगण्याचा अधिकार कोणाकडे राहतो? स्वतः बोलणाऱ्याकडे, निवेदकाकडे, की पडद्याच्या तळाशी भाषांतराच्या ओळी लिहिणाऱ्याकडे? अनुबोधपटाच्या सत्यतेची परीक्षा दृश्याइतकीच ह्या प्रश्नाच्या उत्तरानेही व्हावयास हवी.

असा विचार एकाच चित्रपटावरून होत नाही. त्याला तुलना लागते, आणि तुलनेसाठी जुने व नवे अनुबोधपट एकाच ठिकाणी पाहावयास मिळावे लागतात. न्यूयॉर्कमधील ‘फिल्म फोरम’ हे असे एक ठिकाण आहे. १९७० साली ५० घडीच्या खुर्च्या, एक प्रक्षेपक आणि १९,००० डॉलरचे वार्षिक अंदाजपत्रक एवढ्या भांडवलावर ते सुरू झाले. १९७२ मध्ये कॅरन कूपर ह्यांनी त्याची सूत्रे हाती घेतली आणि २०२३ पर्यंत ती सांभाळली. मधल्या काळात दोनतीन जागा बदलून १९९० मध्ये ते ह्यूस्टन स्ट्रीटवर स्थिरावले आणि २०१८ मध्ये तेथे चौथा पडदा उभा राहिला. नफा न कमावणारी ही संस्था तिकिटांबरोबरच सभासद व देणगीदार ह्यांच्या आधारावर चालते. तिचे वैशिष्ट्य दुहेरी आहे. काही पडद्यांवर नव्या, विशेषतः अनुबोधपटांचे, प्रथम प्रदर्शन होते, तर शेजारच्या पडद्यावर जुने चित्रपट पुन्हा दाखविले जातात. त्यामुळे आज नवा म्हणून आलेला अनुबोधपट उद्या जुना म्हणून परत येऊ शकतो. ह्या परत येण्याचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल. प्रस्तुत विवेचनासाठी तेथे प्रथम १९९१, २०१५ आणि २०२१ मध्ये दाखविले गेलेले तीन चित्रपट घेतले आहेत.

२

ह्या तिन्हींची पार्श्वभूमी म्हणून एका जुन्या ब्रिटिश चित्रपटाची आठवण ठेवणे अवश्य आहे. एडगर अॅन्स्टी व आर्थर एल्टन ह्यांच्या ‘हाउसिंग प्रॉब्लेम्स’मध्ये (१९३५) लंडनच्या पूर्व भागातील गलिच्छ वस्तीतील रहिवासी आपापल्या घरात उभे राहून, आपल्याच बोलीत, कॅमेऱ्यासमोर बोलतात. त्या काळी ही गोष्ट अपूर्व होती. तथापि त्यांच्या बोलण्याच्या मागेपुढे प्रमाण इंग्रजीतील निवेदन आहे. प्रश्न कोणता व उपाय कोणता हे निवेदन सांगते. उंदीर आणि ढेकूण ह्यांची हकिकत तेवढी रहिवासी सांगतात. म्हणजे बोली हा पुरावा होय आणि प्रमाणभाषा हा निवाडा होय. चित्रपटाचा खर्च गॅसच्या धंद्यातील एका संघटनेने केला होता, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे.

ही विभागणी भाषाशास्त्राच्या अभ्यासकास अपरिचित नाही. ग्रियर्सन ह्यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणात बोलीबोलींतून बायबलमधील उधळ्या पुत्राच्या कथेचे रूपांतर मागविण्यात आले होते. जोडीला स्थानिक कथा वा कथनही घेतले जाई; पण तुलनेचा मुख्य आधार ती एकच कथा राहिली. तुलनेच्या दृष्टीने ही पद्धत सोयीची होती ह्यात शंका नाही. परंतु तीत बोलणाऱ्याने काय सांगावयाचे हे आधीच ठरलेले असे. तो वक्ता नसून नमुना होता. अनुबोधपटाचा पुढील इतिहास म्हणजे काही अंशी ह्या नमुन्याला वक्ता बनविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

३

जेनी लिव्हिंग्स्टन ह्यांचा ‘पॅरिस इज बर्निंग’ १९९१ च्या मार्चमध्ये फिल्म फोरममध्ये लागला. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील कृष्णवर्णी व लॅटिन-अमेरिकी समलैंगिक आणि पारलिंगी लोकांच्या ‘बॉल’ नावाच्या स्पर्धात्मक मेळाव्यांचे हे चित्रण आहे. त्याची रचना बरीचशी शब्दकोशासारखी आहे. काळ्या पडद्यावर एकेक शब्द उमटतो: ‘हाउस’, ‘रीडिंग’, ‘शेड’, ‘रिअलनेस’. मग त्याची व्याख्या निवेदक करीत नाही. ती त्या समाजातीलच कोणीतरी करते. कोशाच्या नोंदीसारखी ही मांडणी असली, तरी कोशकार मात्र स्वतः भाषिक आहेत.

ह्यांतील डोरियन कोरी ह्यांचे विवेचन कोणत्याही अर्थविचाराच्या वर्गात उपयोगी पडावे असे आहे. आरशासमोर बसून, हातातील रंगरंगोटी न थांबविता, त्या दोन संज्ञांमधील संबंध उलगडून दाखवितात. ‘रीडिंग’ म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या वैगुण्यावर नेमके बोट ठेवून केलेली शाब्दिक चिरफाड. ‘शेड’ ही तिच्यातून निघालेली पुढची पायरी; तीत वैगुण्याचा उच्चारही करावा लागत नाही. ऐकणाऱ्याला ते ठाऊक आहे एवढ्यावरच सारी मदार असते. संस्कृत साहित्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर हा वाच्यार्थाकडून व्यंग्यार्थाकडे झालेला प्रवास आहे, आणि तो ऐतिहासिक क्रमाने मांडण्याची दृष्टी बोलणाऱ्या व्यक्तीपाशीच आहे. १९३५ च्या चित्रपटातील रहिवाशांना हा अधिकार मिळाला नव्हता.

असे असले तरी व्याख्येचा अधिकार म्हणजे सर्व अधिकार नव्हेत. कोणता शब्द पडद्यावर यावा आणि कोणती व्याख्या ठेवावी, हे संकलनात ठरले. आणि तेथे निर्णय दिग्दर्शिकेचा होता. लेखिका बेल हुक्स ह्यांनी पुढे असा आक्षेप घेतला की, गोरी दिग्दर्शिका स्वतः पडद्याआड राहते आणि एका समाजाचा विधी परक्यांसाठी तमाशा होऊन बसतो. चित्रपटाला यश लाभल्यावर त्यातील काहींनी मोबदल्याची मागणी केली. पुढे सुमारे ५५,००० डॉलर १३ जणांत, ज्याच्या त्याच्या पडद्यावरील वेळेच्या प्रमाणात, वाटण्यात आले. बोलण्याचे मोल मिनिटांवर ठरविण्याची ही रीत बोलकी आहे. ज्या व्याख्येला अर्धे मिनिट लागले तिचे आयुष्य किती, हे त्या हिशेबात कोठेच येत नाही.

ते आयुष्य किती होते हे नंतर दिसून आले. ‘शेड’ हा शब्द ह्या विशिष्ट अर्थाने सर्वसाधारण अमेरिकन इंग्रजीत रुळला आणि २०१७ मध्ये मेरियम-वेब्स्टर कोशात दाखल झाला. २०१९ च्या उन्हाळ्यात हा चित्रपट नव्याने दुरुस्त केलेल्या प्रतीच्या रूपात फिल्म फोरममध्ये परत आला. १९९१ च्या प्रेक्षकाला ज्या व्याख्यांची गरज होती, त्यांतील बऱ्याच २०१९ च्या प्रेक्षकाला अनावश्यक झाल्या होत्या. परंतु व्याख्या करणारी माणसे राहिली नव्हती. डोरियन कोरी १९९३ मध्ये, पेपर लाबेजा २००३ मध्ये आणि विली निंजा २००६ मध्ये निवर्तले. शब्द जगला आणि शब्दाचा धनी विस्मृतीत गेला, ही भाषेच्या इतिहासातील नित्याची घटना. कोशात शब्दाच्या प्रथम प्रयोगाचे साल सापडू शकते; आरशासमोर बसून तो समजावणारी व्यक्ती सापडत नाही. ती ह्या चित्रपटात सापडते, म्हणूनच त्याचे पुनःप्रदर्शन ही निव्वळ हौस ठरत नाही.

४

फ्रेडरिक वाइजमन ह्यांचा मार्ग अगदी वेगळा आहे. ‘टिटिकट फॉलीज’पासून (१९६७) त्यांनी निवेदन, मुलाखत आणि बोलणाऱ्याचे नाव सांगणारी ओळ ह्या तिन्ही गोष्टी वर्ज्य मानल्या. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये फिल्म फोरममध्ये लागलेला त्यांचा ‘इन जॅक्सन हाइट्स’ तीन तासांहून मोठा असून क्वीन्स विभागातील एका बहुभाषिक वस्तीविषयी आहे. ह्या वस्तीत १६७ भाषा बोलल्या जातात असे त्यात आरंभीच सांगितले जाते.

ह्या पद्धतीचे सामर्थ्य सभांच्या प्रसंगांत प्रत्ययास येते. स्थलांतरितांच्या एका संघटनेच्या बैठकीत एक स्त्री, आपल्या मुलीने सीमा ओलांडताना वाळवंटात काढलेल्या दिवसांची हकिकत स्पॅनिशमध्ये सांगते. तिला कोणी मध्येच थांबवीत नाही, कोणी तिच्या कथनाचे तात्पर्य काढीत नाही. कथनाची लय, त्यातील पुनरुक्ती आणि अडखळणे ही सारी अबाधित राहतात. बोलीच्या अभ्यासकाने जे जपावे असे सांगितले जाते, ते येथे एका चित्रपटकाराने जपले आहे.

परंतु १६७ हा आकडा मात्र आकडाच राहतो. सविस्तर बोलण्याची संधी मुख्यतः इंग्रजी आणि स्पॅनिश ह्या दोन भाषांना मिळते. इतर अनेक भाषा दुकानांच्या पाट्यांवर, रस्त्यावरील गलबल्यात वा प्रार्थनेच्या स्वरांत येऊन जातात. त्या दिसतात, कानांवर पडतात. पण त्यांत कोणी आपले म्हणणे मांडीत नाही. निवेदक नसल्यामुळे ही निवड प्रेक्षकाच्या ध्यानात सहज येत नाही, आणि येथेच ह्या पद्धतीचा धोका आहे. निवेदकाशी निदान वाद घालता येतो. संकलनातील मौनाशी तो घालणे कठीण.

५

तिसरा चित्रपट भारतातील आहे. रिंतू थॉमस व सुष्मित घोष ह्यांचा ‘रायटिंग विथ फायर’ २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये फिल्म फोरममध्ये प्रदर्शित झाला आणि पुढे ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. उत्तर प्रदेशातील चित्रकूट परिसरात २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘खबर लहरिया’ ह्या वृत्तपत्रातील दलित स्त्री-वार्ताहरांचे काम, आणि छापील अंकाकडून भ्रमणध्वनीवरील चित्रवार्तेकडे त्यांनी केलेले संक्रमण, हा त्याचा विषय आहे. चित्रपट वेधक आहे ह्यात संशय नाही. पोलीस ज्या अत्याचाराची तक्रार नोंदवीत नाहीत त्याविषयी मीरा ठाण्यात जाऊन शांतपणे विचारते, त्या प्रसंगी पत्रकारितेचे मूळ प्रयोजनच पडद्यावर उभे राहते.

तथापि ‘खबर लहरिया’चे वैशिष्ट्य केवळ ते स्त्रिया चालवितात एवढेच नव्हते. ते बुंदेलीत निघाले, पुढे अवधी, भोजपुरी व बज्जिका ह्या भाषांतही निघाले, आणि २००९ मध्ये त्याच्या कार्यास युनेस्कोचे साक्षरताविषयक पारितोषिक मिळाले. प्रमाण हिंदीच्या वर्चस्वाखालील बोलीत वृत्तलेखन करणे हा एक भाषिक पराक्रम होता. चित्रपटाच्या परिचयात मात्र भाषा म्हणून हिंदीचे नाव येते, आणि इंग्रजी उपशीर्षकांत हिंदी कोठे संपते व बुंदेली कोठे सुरू होते हे कळण्याची सोय नसते.

संबोधनाच्या बाबतीत ही हानी अधिक गंभीर आहे. हिंदीत ‘तू’, ‘तुम’ आणि ‘आप’ अशा तीन पायऱ्या आहेत. ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ ह्यांची सवय असलेल्या मराठी वाचकास त्यांचे मर्म सांगावयास नको. जेथे जात, लिंग व अधिकार ह्यांचे पारडे आधीच झुकलेले आहे, तेथे दलित स्त्रीने कोणाला काय म्हणावे आणि तिला कोणी काय म्हणावे, हाच बातमीमागील खरा सामना असतो. तलवार बाळगणाऱ्या एका तरुण कार्यकर्त्याची मुलाखत मीरा घेते, तेव्हा तिच्या बोलण्यातील आदब ही नम्रता नसून शस्त्र आहे. इंग्रजीचे एकच सर्वनाम हा सामना पुसून टाकते. न्यूयॉर्कच्या प्रेक्षकास धैर्य दिसते. त्या धैर्याचे व्याकरण दिसत नाही.

२०२२ च्या मार्चमध्ये ‘खबर लहरिया’नेच निवेदन काढून चित्रपटाच्या सामर्थ्याची कबुली दिली, परंतु आपले काम प्रामुख्याने एकाच राजकीय पक्षाच्या वार्तांकनापुरते होते असा जो ग्रह चित्रपटामुळे होतो तो यथार्थ नाही, असे स्पष्ट केले. हा आक्षेप सर्वस्वी मान्य करावा की नाही ह्याविषयी मतभेद संभवतो. दीड तासाच्या चित्रपटात निवड अटळ आहे. महत्त्व आहे ते वेगळ्याच गोष्टीला. चित्रित झालेली माणसे स्वतः पत्रकार होती, म्हणून त्यांना उत्तर देता आले. १९३५ च्या रहिवाशांपाशी असे साधन नव्हते, आणि हार्लेममधील कलावंतांना आपले म्हणणे मोबदल्याच्या दाव्यातून मांडावे लागले.

६

ह्या तिन्ही चित्रपटांपैकी एकातही अर्थाचा अधिकार बोलणाऱ्याकडे पूर्णपणे राहिलेला नाही. पहिल्यात त्याला व्याख्या मिळाली पण निवड मिळाली नाही. दुसऱ्यात अखंड बोलणे मिळाले, मात्र काही भाषांनाच. तिसऱ्यात जगभरचा प्रेक्षक मिळाला, परंतु बोलीच्या खुणा वाटेतच गळाल्या. ह्या उणिवा वेगवेगळ्या पाहिल्या असता त्या त्या दिग्दर्शकाच्या वाटतात. एकाच चित्रपटगृहाच्या तीस वर्षांच्या कार्यक्रमात त्या शेजारीशेजारी ठेवल्या म्हणजे त्या बोलणे टिपून घेण्याच्या व्यवहारातच दडलेल्या आहेत, हे लक्षात येते.

हा व्यवहार चित्रपटापुरता मर्यादित नाही. अहिराणी वा वऱ्हाडी बोलणाऱ्या वृद्धेसमोर ध्वनिमुद्रक ठेवणारा संशोधकही तोच व्यवहार करीत असतो. प्रबंधाच्या परिशिष्टात तिच्या वाक्यांखाली प्रमाण मराठीतील अर्थ छापला जातो, आणि तिच्या नावाच्या जागी बहुधा वय, जात व गाव एवढीच नोंद राहते. नाव गाळण्यास कधी योग्य कारण असते. पण आपल्या शब्दाचा अर्थ तिने स्वतः काय सांगितला, हे गाळण्यास ते कारण पुरत नाही. तो अर्थ तिला विचारला होता का, आणि छापण्यापूर्वी तिला वाचून दाखविला होता का, एवढे तरी परिशिष्टात नमूद व्हावयास हवे.