साखरखेर्ड्याची म्हणविली जाणारी सुरी

बुलढाणा जिल्ह्यांतील जुन्या बाजारांत मिळालेली एक न मिटणारी सुरी इ. स. १७२४ च्या साखरखेर्ड्याच्या लढाईंतील आहे, असें प्रतिपादन केलें जातें. त्या लढाईंत निजामुल्मुल्कानें मुबारिजखानास ठार केलें, हें निर्विवाद; परंतु लढाई खरी म्हणून सुरीहि तेथलीच, असें ठरत नाहीं. विक्रेत्याची आख्यायिका हें प्रमाण नव्हे.

पात्याच्या मुळाशीं रोमन लिपींत ‘स्टेनलेस, शेफील्ड, इंग्लंड’ असा ठसा आहे. तसलें न गंजणारें पोलाद शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली यानें १९१३ सालीं तयार केलें. अर्थात् हें पातें त्यापूर्वींचें असूं शकत नाहीं. मुठीवरील पितळी काम जुन्या वळणाचें आहे, असा आक्षेप येईल. परंतु मूठ मागाहून बसवितां येते. तिच्यामुळें पात्याचें वय वाढत नाहीं.

लंडनच्या संग्रहालयानें २०२४ सालीं साताऱ्यास पाठविलेलीं वाघनखें शिवछत्रपतींचींच, असें सिद्ध करतां येत नाहीं, हें त्या संग्रहालयानेंच सांगितलें. तोच प्रामाणिकपणा येथेंहि हवा. नाहींतर खोट्या वस्तूबरोबर खरी लढाईहि संशयास्पद ठरेल. सुरी अवश्य जपावी. तिच्यावरील साखरखेर्ड्याची चिठ्ठी मात्र काढावी.