एका ‘कृष्ण’ विशेषणाचा घोळ

विश्वाच्या न दिसणाऱ्या भागाविषयी मराठीत लिहिताना आपण एकच विशेषण तीन ठिकाणी चिकटवतो: कृष्णविवर, कृष्णद्रव्य, कृष्णऊर्जा. विशेषण एक, म्हणून वस्तूही एकाच कुळातल्या, असा समज वाचकाच्या मनात नकळत रुजतो. माझा आक्षेप त्यातल्या मधल्या शब्दाला आहे.

कृष्णविवराबद्दल तक्रार नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी टोपणनावाने पाठवलेल्या कथेचे नावच ‘कृष्णविवर’ होते. शब्द अर्थाला धरून आहे; तिथे गेलेला प्रकाश परत येत नाही. एप्रिल २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराच्या चित्रात दिसते ते तप्त वायूचे कडे आणि मधली सावली. (नारिंगी रंग माणसांनी भरलेला; मूळ नोंद रेडिओलहरींची.)

द्रव्याची गोष्ट वेगळी. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा समूहातल्या दीर्घिकांचे वेग तपासले. एवढ्या वेगाने फिरूनही त्या पांगत नाहीत, म्हणजे दिसते त्याहून पुष्कळ अधिक वस्तुमान तिथे असले पाहिजे. त्याला त्यांनी जर्मनमध्ये जे विशेषण लावले, त्याचा अर्थ ‘अंधारे’. अंधारी खोली आणि काळी खोली यांतला फरक मराठी माणसाला सांगावा लागत नाही. भाषांतरात नेमका तोच हरवला. कृष्णपक्षातला ‘कृष्ण’ अंधाराचाच आहे, असे कोणी म्हणेल. मान्य, पण तेवढ्याने भागत नाही.

कारण पुढे ‘अंधारे’ हा शब्दही अपुरा ठरला. आपल्या सूर्यमालेत बुध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर धावतो, दूरचा नेपच्यून जेमतेम साडेपाच. देवयानी दीर्घिकेच्या कडेलाही वेग असाच उतरायला हवा होता. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांच्या १९७०च्या मोजणीत तो तसा उतरला नाही. मग विझलेले तारे, थंड वायू असे नेहमीचे उमेदवार पुरेनात. आजच्या हिशेबात विश्वातले नेहमीचे द्रव्य सुमारे ५ टक्के, आणि हे दुसरे २७ टक्क्यांच्या आसपास.

अंधाऱ्या खोलीत दिवा नेला की वस्तू दिसतात. काळी वस्तू प्रकाश गिळते, म्हणून निदान तिचा आकार कळतो. या द्रव्यावर कितीही प्रकाश टाका, तो आरपार जातो. ते ना उजळते, ना सावली पाडते. गुरुत्वाने तेवढी मागच्या दीर्घिकांची चित्रे वाकवते. प्रकाशाला अजिबात दाद न देणाऱ्या पदार्थाला आपण काळा म्हणतो आहोत! पाण्याला किंवा काचेला कोणी तसे म्हणत नाही.

विश्वाच्या आरंभी बनलेली कृष्णविवरे हाच या द्रव्याचा काही भाग असेल, ही शक्यता अजून तपासली जात आहे. पण आपल्याकडचा घोळ त्या संशोधनातून आलेला नाही. ‘अदृश्य द्रव्य’ हा साधा शब्द हाताशी आहे, आणि पाठ्यपुस्तकांनी तो घ्यायला हरकत नाही. कृष्णऊर्जेचे काय करायचे, हा वाद त्यानंतर घालता येईल.