एका तहनाम्याचे परीक्षण

कादंबऱ्यांची परीक्षणे पुष्कळजण लिहितात. नाटकांची तर न पाहताही लिहितात. पण एखादा तहनामा वाङ्मय म्हणून वाचून त्याचे परीक्षण कुणी केल्याचे निदान माझ्या तरी वाचनात नाही. ही उणीव भरून काढण्याची संधी यंदा मे महिन्यात, राणीसावरगावी, आमच्याच ओसरीवर चालून आली.

सुटीत भाचा आला होता. सकाळी साडेनऊला मी त्याला न्याहारीला हाक मारली, तर हातातल्या फोनवरची नजर न काढता म्हणाला, "दहा मिनिटं थांबा मामा, फौज हलवायलोय."

फौज म्हटले की मराठवाड्यातला माणूस सावध होतो. चौकशी केली. कळले ते असे, की इंटरनेटवर 'नेशनस्टेट्स' नावाचा एक खेळ २००२ च्या नोव्हेंबरपासून चालू आहे. मॅक्स बॅरी नावाच्या ऑस्ट्रेलियन लेखकाने तो स्वतःच्या 'जेनिफर गव्हर्नमेंट' या कादंबरीची जाहिरात म्हणून काढला. (आमचे लेखक फार तर प्रकाशन समारंभात चहा पाजतात.) ज्याने त्याने आपला एक देश काढायचा, नाव, झेंडा, नाणे, राष्ट्रीय प्राणी ठरवायचा आणि पुढ्यात येतील त्या प्रश्नांवर निर्णय देत राज्य करायचे. असे देश एकत्र आले की त्यांचा प्रदेश होतो. ज्याला जास्त देशांचा पाठिंबा, तो त्या प्रदेशाचा प्रतिनिधी. या खेळात पूर्वी संयुक्त राष्ट्रसंघसुद्धा होता. पण खऱ्या संघाने नावाला हरकत घेतली म्हणून २००८ साली त्याची 'जागतिक सभा' झाली. खऱ्या संघाची हरकत कुणीतरी लगेच मनावर घेतली, हे ऐकून बरे वाटले.

गंमत अशी, की लढाईची सोय मूळ खेळात नाही. ती पोरांनी शोधून काढली. दिवसातून दोनदा या जगाचा हिशेब जुळवला जातो; उन्हाळ्यात आपल्याकडे तेव्हा सकाळचे आणि रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. त्या घटकेच्या अगदी तोंडावर आपले पाचपंचवीस देश परक्या प्रदेशात घुसवायचे, त्यातल्याच एकाला पाठिंबा द्यायचा, की गादी आपली! धाड घालणारे एका बाजूला, राखणदारी करणारे दुसऱ्या बाजूला. लवकर गेलात तर बोभाटा, उशिरा गेलात तर हिशेब उरकलेला. म्हणून कवायत लागते, कवायतीला शिकवणारा लागतो, आणि शिकवणाऱ्यासाठी तह लागतो. भाच्याच्या प्रदेशाने एका बड्या प्रदेशाशी केलेला 'मैत्री आणि लष्करी प्रशिक्षण' असा तह त्याने मला मराठी करून वाचून दाखवला. त्याचेच हे परीक्षण.

आधी भाषा. लिहिणारी पोरे सतरा-अठरा वर्षांची, पण भाषा पंचाहत्तरीच्या वकिलाची. "उभय पक्ष परस्परांच्या सार्वभौमत्वाचा आदर करतील." यातल्या एका पक्षाला वाचन चालू असतानाच त्याच्या मामीने दळण आणायला पिटाळले. सार्वभौमत्व डबा घेऊन गेले आणि पीठ घेऊन परत आले. मग पुढचे कलम.

रचनेच्या दृष्टीने पाहता कलमे एकंदर नऊ. पैकी मैत्री पहिल्याच कलमात आटोपते. पुढे एकमेकांवर चाल करणार नाही, एकमेकांकडे हेर ठेवणार नाही, एकमेकांच्या शत्रूला थारा देणार नाही, असे चालते. म्हणजे स्नेह एक भाग आणि संशय सात भाग. मीठ जास्त पडलेल्या वरणासारखे वाटले.

सर्वांत कच्चे कलम प्रशिक्षणाचे. थोरल्या पक्षाचे अधिकारी धाकट्याच्या सैनिकांना शिकवतील, येथवर ठीक. पण शिकून तयार झालेला सैनिक हुकूम कुणाचा ऐकणार? लेखक याबाबतीत मौन पाळतात. मी विचारले, तर भाचा म्हणाला, "तुम्ही उगीच शंका काढायलात, मामा. दोस्त आहेत ते."

बाबा रे, शंका माझी नाही, इथल्या मातीची आहे. निजामअलीच्या पदरी रेमाँ नावाच्या फ्रेंचाने तयार केलेल्या कवायती पलटणी होत्या. १७९५ साली खर्ड्यावर मराठ्यांकडून मार खाल्ल्यावर निजामाला दोस्ताची निकड वाटू लागली. १७९८ साली कंपनी सरकारशी तह झाला. फ्रेंचांच्या पलटणी मोडल्या, कंपनीच्या सहा पलटणी आल्या, आणि वर्षाला सुमारे २४ लाखांचा खर्च निजामाच्या माथी बसला. १८०० साली तोच स्नेह 'कायमचा' झाला आणि खर्चापोटी म्हैसूरच्या वाटणीत मिळालेला मुलूख निजामाने दोस्ताला देऊन टाकला. पुढे कंटिंजंट नावाची फौज निघाली : नाव हैदराबादचे, अधिकारी इंग्रज, पगार निजामाचा. तिची बाकी थकली म्हणून १८५३ साली वऱ्हाड, नळदुर्ग आणि रायचूरचा दोआब गेला. पुणेकरांनी यावर हसू नये. १८०२ सालच्या ३१ डिसेंबरला बाजीरावसाहेबांनी वसईला अशीच दोस्ती पत्करली. दोन्ही दरबारांना मित्राने बुडवले, आणि तेही कलमावर बोट ठेवून.

मुदतीचा करार आमच्या वाट्याला एकच आला : १९४७ च्या २९ नोव्हेंबरचा 'जैसे थे' करार. मुदत एक वर्षाची. तो वर्ष भरायच्या आतच, १९४८ च्या सप्टेंबरात निकालात निघाला, आणि त्याबद्दल दर १७ सप्टेंबरला आम्ही आनंदाने झेंडावंदन करतो.

एवढे ऐकून भाचा जरा हिरमुसला. मग नववे कलम त्याने हळू आवाजात वाचले. "कोणत्याही पक्षाला हा तह मोडावासा वाटल्यास त्याने आधी दुसऱ्या पक्षाशी बोलून पाहावे. बोलूनही न जमल्यास सात दिवसांची लेखी सूचना द्यावी."

मी ते कलम पुन्हा वाचायला लावले. सबंध तहनाम्यात मला शहाणे वाटलेले वाक्य ते हेच. मोठमोठ्या वकिलांनी, रेसिडेंटांनी 'कायमचा' लिहिले आणि बाहेर पडायचे दार बुजवून टाकले. या पोरांनी दाराला कडी ठेवली, आणि कडी काढण्याआधी दोन शब्द बोलायला सांगितले.

आता परीक्षकाने पदरचे सांगू नये असा संकेत आहे, पण सांगतो. शेजारचे गुरुजी आणि मी यांची विहीर सामाईक. तीस वर्षे पाणी तोंडी बोलीवर चालले. पुढे पोराबाळांत तंटा नको म्हणून गंगाखेडला जाऊन शंभराच्या स्टँपवर करार केला : पाळी एक दिवसाआड, 'वंशपरंपरागत व कायम'. 'कायम' हा शब्द मीच घालायला लावला, भारदस्त वाटला. पण शेतीची लाइट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येते, हे स्टँपपेपरला कुठे ठाऊक? रात्रीची पाळी मावळलेल्या दिवसाच्या मालकाची, की उगवणाऱ्या दिवसाच्या? या प्रश्नावर आम्ही दोन वर्षे एकमेकांशी बोललो नाही. बाराच्या ठोक्याला दुसऱ्याच्या आधी मोटार चालू करण्यात मात्र दोघेही इतके तरबेज झालो, की भाच्याच्या फौजेने आमच्याकडे शिकायला यावे.

त्या दिवशी संध्याकाळी मी गुरुजींच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "गुरुजी, करार मोडायचाय. पण आधी बोलून पाहावं म्हणतो."

गुरुजींनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "जे काय म्हणायचं ते लेखी द्या."

चहा मात्र त्यांनी अर्ज न मागवता दिला.