यादवीचे कागद आणि आपली संग्रहाची रीत

पेशवे दफ्तरांतून निवडून छापलेल्या ४५ खंडांपैकीं बारावा खंड दाभाडे व गुजरात या प्रकरणाचा आहे. १९३० ते १९३४ या अल्प काळांत कै. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं हा सारा डोंगर उपसला. मराठ्यांच्या इतिहासाचा जो म्हणून अभ्यास करतो, तो त्यांच्या उपकाराखालीं आहे. आम्ही तळेगांवीं राहतों. बनेश्वराच्या देवळापाशीं सेनापति खंडेराव दाभाडे यांच्या समाधीवरून जातांना या खंडाची आठवण आम्हांस नेहमीं होते. तरीहि त्या खंडाच्या मांडणीविषयीं, आणि त्याच मांडणीचा कित्ता गिरविणाऱ्या आम्हां संग्राहकांविषयीं, एक आक्षेप घेणें प्राप्त आहे.

डभईची लढाई १ एप्रिल १७३१ रोजीं झाली. बाजीराव पंतप्रधान, त्रिंबकराव सेनापति. दोघेहि शाहू छत्रपतींचे चाकर. त्रिंबकराव गोळी लागून पडले, आणि सेनापतिपद छत्रपतींनीं त्यांचे बंधु यशवंतराव यांस दिलें. ही उघड यादवी होय. आतां यादवीच्या कागदांचा स्वभाव परचक्राच्या कागदांहून निराळा असतो. येथें दोन्ही बाजूंची मोडी एक, कागद एक, निष्ठा एकाच छत्रपतींवर वाहिलेली, आणि उद्यां ज्याच्यावर चालून जावयाचें त्यालाहि आज मायना ‘राजश्री’ असाच. अशा काळचें सुटें पत्र कोणाच्या गोटांतलें, हें पत्राच्या अक्षरांत क्वचित् सांपडतें. तें ज्या रुमालांत बांधलेलें होतें त्या रुमालांत सांपडतें. सरदेसायांनीं कागद विषयवार लावले, डोक्यावर इंग्रजी सारांश दिला. वाचकाची सोय झाली, पण पत्राचा मूळचा शेजार नजरेआड गेला. शितावरून भाताची परीक्षा हा न्याय एका भांड्यांतल्या शितालाच लागू पडतो. दहा भांड्यांतलीं शितें एका ताटांत घेतल्यावर तो कोठें लावावयाचा?

दुसरी गोष्ट. पेशव्यांच्या दफ्तरांत दाभाड्यांचीं पत्रें मिळतात तीं बहुधा पेशव्यांस आलेलीं किंवा त्यांच्या हातीं लागलेलीं. त्रिंबकरावांनीं आपल्या शिलेदारांस काय लिहिलें, शिलेदारांनीं घरीं काय कळविलें, हें तेथें शोधणेंच व्यर्थ. म्हणून निजामाशीं संगनमताचा जो आरोप त्रिंबकरावांवर येतो, तो ज्या कागदांवरून येतो ते जिंकलेल्या बाजूच्या पेटीतले आहेत, इतकें तरी प्रत्येक टीपकारानें लिहावयास हवें. आरोप खोटा असें आमचें म्हणणें नाहीं. साक्षीदार कोणाच्या घरीं जेवत होता, एवढें विचारावें, इतकेंच.

याउलट वासुदेवशास्त्री खरे यांचा ऐतिहासिक लेखसंग्रह पाहावा. शास्त्रीबोवा मिरजेस संस्कृत शिकवीत. आम्हीहि तोच धंदा केला असल्यामुळें आमचा ओढा तिकडे असेल, तर तो दोष पदरीं घेतों. त्यांनीं मुख्यतः पटवर्धनांचें एक घराणें धरलें, पत्रें कालक्रमानें लावलीं, मध्यें स्वतःचें निवेदन घातलें. १७६२–६३ च्या चुलत्या-पुतण्यांच्या कलहांत राघोबादादांनीं मिरज घेतली आणि गोपाळराव पटवर्धन निजामाकडे गेले. म्हणजे तेंच घराणें एकदां सरकारच्या बाजूस, एकदां विरुद्ध. तरी वाचक गोंधळत नाहीं, कारण लिहिणारा कोठून कोणास लिहितो हा धागा तुटलेला नाहीं.

धागा तुटल्यावर काय होतें, याचें उदाहरण आमच्याच घरीं आहे. सुमारें बारा वर्षांपूर्वीं मावळांतल्या एका पडक्या वाड्याचा एक रुमाल रद्दीच्या दुकानांतून आम्हीं व एका स्नेह्यांनीं मिळून घेतला. वांटणी अशी झाली कीं पत्रें आमच्याकडे, हिशेब व हजिरीचे बंद त्यांच्याकडे. फडकें कुजलें होतें, तें टाकून दिलें. पत्रांत एका शिलेदारानें कारकुनाच्या हातून वडील भावास लिहविलेलें एक पत्र होतें: मुक्काम तळेगांव, घोडें पडलें, डाव्या दंडास जखम, खर्चाची ओढ, चार रुपये पाठवावे. तारीख ‘छ २७ जिल्हेज’, सन नाहीं. तळेगांव दिसतांच आमच्या मनानें दाभाडे म्हटलें, आणि दाभाडे म्हटल्यावर डभई. इहिदे सलासीन मया व अलफ म्हणजे ११३१, त्यांत ६०० मिळवून १७३१. हा हिशेब आम्हांस पाठ. चार मंडळींसमोर तें पत्र आम्हीं डभईचें म्हणून वाचलेंहि. त्या वर्षींचा जिल्हेज लढाईनंतर जवळजवळ तीन महिन्यांनीं येतो, आणि तोंवर मृगाचा नवा सनहि लागलेला असतो, हें जंत्री उघडून पाहण्याचें सुचलें नाहीं.

पुढें स्नेह्यांकडे सहज हजिरी चाळतांना तेंच अक्षर, तोच जाड खरबरीत कागद दिसला. वर स्पष्ट सन होता: तिसा सबैन मया व अलफ. म्हणजे ११७९, आणि त्या सनांतला २७ जिल्हेज १७७९ च्या जानेवारीच्या मध्यावर पडतो. राघोबादादांस घेऊन आलेली इंग्रज फौज ९ जानेवारीस तळेगांवास पोंचली, ११ च्या रात्रीं जड तोफा तळ्यांत लोटून मागें फिरली, आणि वडगांवास तिला तह करावा लागला, तेच हे दिवस. शिलेदार त्या धुमाळींतला. आम्हीं त्याला ४८ वर्षें मागें नेऊन भलत्याच रणांत उभा केला होता.

अमेरिकेंतील १८६१–६५ च्या यादवींतल्या शिपायांचीं पत्रें तिकडे फार जपतात. तेथें साधा शिपाई बहुधा स्वतः लिही. जुलै १८६१ पासून उत्तरेकडील शिपायास तिकिट न लावतां पत्र टाकतां येई व हंशील घरचीं माणसें भरीत. दक्षिणेंत कागदाचा दुष्काळ पडल्यावर भिंतीच्या रंगीत कागदाचे लिफाफे झाले. आमचा शिलेदार कारकुनाच्या तोंडानें बोलतो, म्हणून त्याचा शोध पत्रांपेक्षां इतर कागदांत घ्यावा लागतो: पडलेल्या घोड्याची नुकसानी, जखमींची याद, मेलेल्याच्या पोरांसाठीं मागितलेली बालपरवेशी, रोजमुऱ्याचा हिशेब. या कागदांवर शिक्का नसतो, अक्षर ओबडधोबड असतें, म्हणून संग्राहक त्यांस हात लावीत नाहींत आणि शिक्क्याचा एक कागद ओढून काढून बाकीचा गठ्ठा रद्दींत सोडतात. पडक्या बाजूच्या मेलेल्यांची याद तर कोणी कोणाकडे द्यावी? ती घरांतच राहणार. आणि तळेगांव-चाकणच्या टापूंत कारखान्यांपाठोपाठ इमारती उठूं लागल्यापासून तीं जुनीं घरें एकामागून एक पडत आहेत.

हजिरीचा तो बंद अद्याप आमच्या स्नेह्यांकडेच आहे. आमच्या वांटणीचीं सर्व पत्रें त्यांच्या स्वाधीन करण्याची तयारी आम्हीं त्यांस लिहून कळविली आहे, एवढ्याच अटीवर कीं सर्व कागद पुनः एका फडक्यांत बांधले जावेत. उत्तराची वाट पाहत आहों.