कमिशन आणि कमिशन

बँकेच्या भाषेत कमिशन म्हणजे ड्राफ्ट काढताना गिऱ्हाइकाच्या खिशातून जाते ते. कॉमिक्सवाल्यांच्या मेळाव्यात कमिशन म्हणजे चाहत्याने पैसे मोजून, चित्रकाराकडून आपल्यादेखत काढून घेतलेले चित्र. 'कॉमिक कॉन' नावाचे हे प्रकरण आपल्या देशात २०११ साली दिल्लीत सुरू झाले, मग मुंबईलाही आले. आमच्या वडनेर भोलजीत कुणाला हे सांगितले, तर तो विचारणारच, "काहो साहेब, अख्खं पुस्तक छापील भेटते, मंग एका चित्राले एवढे पैसे कायले?"

प्रश्न रोकडा आहे. उत्तरही हिशेबातच द्यावे. १९३८ साली सीगल आणि शूस्टर या जोडीने सुपरमॅनचे हक्क विकले, १३० डॉलरला! सुपरमॅन आभाळात उडाला, हे दोघे जमिनीवरच राहिले. आपल्याकडे 'टिंकल'मधला सुपंडी पोरासोरांना पाठ. पण त्याला रेखाटणारे राम वाईरकर किती जणांना ठाऊक? नायक कंपनीचा, हात चित्रकाराचा. मेळाव्यातल्या टेबलावर त्या हाताचे दाम निदान त्याच हातात पडते.

तक्रार आहे ती चाहत्यांबद्दल. जो तो आपला बॅटमॅन मागतो, तोही ठरलेल्या ऐटीत. चित्रकाराची स्वतःची पात्रे बिचारी व्यवहार नसलेल्या खात्यासारखी पडून. तेव्हा पैसे मोजताना एकदा म्हणून बघा, "तुम्हाला आवडेल ते काढा." मुद्दल तेवढेच जाईल; व्याज मात्र चढे मिळेल.