आठव्या पिढीची अट

नवं नाटक आलं की दुसऱ्या आठवड्यात त्याचं परीक्षण छापून येतं. कादंबरी आली की समीक्षक बाह्या सरसावून बसलेलेच असतात. पण मध्यमवर्गीय माणूस ज्या कलाकृतीकडे दिवसाचे आठ-आठ तास टक लावून बसतो, त्या विंडोजच्या वाट्याला रसिक समीक्षक येत नाही. जे येतात ते इंजिनियर. इंजिनियरला यंत्राचे दोष दिसतात, स्वभाव दिसत नाही. स्वभाव ओळखायला वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसावं लागतं. तेवढा मी बसलो आहे. तेव्हा एका बी.कॉम.ने विंडोज ११ वर चार शब्द लिहिले तर वाचकांनी चालवून घ्यावं.

ही आवृत्ती ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली. तिच्या आधीची विंडोज १० ही २०१५ सालची. त्या वर्षी कंपनीच्याच एका अधिकाऱ्याने भर कार्यक्रमात 'ही विंडोजची शेवटची आवृत्ती' असं सांगितलं होतं. साऱ्या जगाने ते खरं मानलं. मराठी नाट्यरसिक मात्र अशा बोलण्याने हुरळत नाही. एकाच नाटकाचे 'शेवटचे तीन प्रयोग' वर्षानुवर्षं पाहत आलेली माणसं आपण!

आता प्रवेशाच्या अटी पाहू. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा. मागणी वरवर माफक दिसते. पण जरा जुनी वही चाळा. १९९५ च्या विंडोजचं ४ एमबी रॅमवर भागत होतं. म्हणजे सव्वीस वर्षांत हजारपट! एवढ्या काळात आमच्या सोसायटीचं मेंटेनन्ससुद्धा हजारपट वाढलेलं नाही, आणि ते वाढवण्यात आमच्या कमिटीने काही कसूर केली असं कुणी म्हणणार नाही.

दुसरी अट टीपीएम २.० नावाच्या वस्तूची. ही मदरबोर्डवर, नाहीतर प्रोसेसरच्याच पोटात बसवलेली छोटी तिजोरी. डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद केला की किल्ली या तिजोरीत राहते. चोराने डिस्क उचकटून दुसऱ्या यंत्राला जोडली, तरी त्याच्या हाती नुसतं कुलूप येतं. लॉकरच्या दोन किल्ल्या सांभाळण्यात उमेद घालवलेल्या माणसाला ही अट पटणारच. मलाही पटली. शिवाय कित्येक जुन्या यंत्रांत ही तिजोरी आधीपासून असतेच. बायॉसमध्ये शिरून ती चालू करायची, एवढंच.

खरी मेख तिसऱ्या अटीत आहे. इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. ही आठवी पिढी २०१७ ची. मोजके अपवाद सोडले तर त्याआधीच्या सगळ्यांना दार बंद. आपल्याकडे नळावरच्या भांडणात एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. त्याला निदान दोन तास लागतात. कंपनीने तो एका यादीत उरकला.

आमच्या घरचा डेस्कटॉप सहाव्या पिढीचा, म्हणजे यादीप्रमाणे अनुत्तीर्ण. पण यादी बाजूला ठेवून त्याचं काम तपासा. चौसष्ट बिऱ्हाडांचा मेंटेनन्सचा तक्ता (खजिनदार मीच), कन्येचे शाळेचे प्रकल्प आणि आमच्या हिचा पत्त्यांचा खेळ. तो हळू झाला होता, हे खरं. सकाळी बटण दाबून मी दूध आणायला जाई, तरी परत येईपर्यंत पडद्यावर ते पांढरे ठिपके गोल फिरतच असत. दुरुस्तीच्या दुकानातला मुलगा झाकणही न उघडता म्हणाला, ''काका, वय झालं याचं. नवीन घ्या.''

पण जरा खोलात गेलो, तर वय प्रोसेसरचं झालेलं नव्हतं. म्हातारी झाली होती ती डिस्क. ती मिनिटाला ७२०० फेरे मारते. आकडा ऐकायला भारदस्त वाटतो. पण जुन्या बँकेतला शिपाईही दिवसभर फेऱ्याच मारायचा, म्हणून लेजर काही लवकर यायचं नाही! तिच्या जागी एसएसडी बसवली. त्यात काही फिरतच नाही, त्यामुळे कशाची वाट पाहावी लागत नाही. रॅमची एक खाच रिकामी होती, तिच्यात आणखी ४ जीबीची पट्टी चढवली. आता दूध आणायला जाण्याचं निमित्तच उरलेलं नाही, ही या दुरुस्तीची एकमेव वाईट बाजू.

एवढं करूनही विंडोज ११ च्या लेखी यंत्र नापासच. रॅम वाढते, डिस्क बदलते, पिढी कशी बदलणार? मदरबोर्डसकट प्रोसेसर बदलला तर तीही बदलते म्हणा, पण मग जुना डेस्कटॉप म्हणून हाती उरतो तो पत्र्याचा डबा. अटी चुकवून आत शिरायच्या युक्त्या आहेत आणि त्या कॉलेजातल्या कुठल्याही पोराला ठाऊक आहेत. मात्र अशा यंत्रांना पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच याची हमी नाही, हे कंपनीने सांगून ठेवलं आहे. सोसायटीचा हिशेब मांडणाऱ्याने मागच्या दाराने आत जाणं बरं दिसत नाही.

बरं, बाहेर राहणंही बिनधोक नाही. विंडोज १० चा मोफत सांभाळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर यंत्र चालतं, पण त्यात नव्याने सापडणारी भोकं बुजवायला कुणी येत नाही. खातं रिकामं झालेला माणूस काउंटरवर कसा उभा राहतो ते मी पाहिलं आहे. तेव्हा 'चालतंय तोवर चालू द्या' हा आपला राष्ट्रीय बाणा इथे मला मान्य नाही.

पण माझा मुख्य आक्षेप याच ठिकाणी आहे. कंपनीने याच जुन्या आवृत्तीला मुदतवाढ जाहीर केली. घरगुती माणसाला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत: एकतर कंपनीकडे खातं उघडून आपल्या सेटिंग्ज तिच्या कपाटात ठेवा, नाहीतर ३० डॉलर मोजा. संस्थांना मात्र पैसे भरून तीन वर्षांपर्यंत. म्हणजे ठिगळं शिवायचं काम चालूच राहणार आहे! शिंपी जागा आहे, दोरा आहे, सुई आहे; फक्त आपलं माप घेणं बंद. जुन्या यंत्राला सुरक्षित ठेवणं अशक्य असतं, तर मी मुकाट्याने टोपी काढली असती. हे अशक्य नाही, हा व्यवहार आहे. मग तो 'तुमचं यंत्र अपात्र' असं म्हणून त्या बिचाऱ्या यंत्राच्या माथी का मारावा? नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. समोर उभ्या असलेल्या माणसाला, तुम्ही जिवंत आहात पण तुमचा जन्म चुकीच्या साली झाला, असं आजवर एकाही कारकुनाने सांगितलेलं नाही.

कलाकृतीच्या बाह्यरूपाबद्दल थोडक्यात. स्टार्टचं बटण कोपऱ्यातून उचलून मध्यभागी आणलं आहे. सेटिंगमधून ते परत कोपऱ्यात नेता येतं, हा समजूतदारपणा. खालच्या पट्टीवर प्रत्येक खिडकीचं नाव वेगळं दिसायचं, ती सोय २०२१ मध्ये काढून घेतली आणि २०२३ मध्ये 'नवी सुधारणा' म्हणून परत दिली. ही पद्धत आमच्या हेड ऑफिसलाही अवगत आहे, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही.

तूर्त आम्ही मुदतवाढ घेतली आहे आणि काढून ठेवलेल्या जुन्या डिस्कवर फुकटातलं लिनक्स मिंट चढवून पाहिलं आहे. ते पिढी विचारत बसलं नाही. सोसायटीचा तक्ता त्यातल्या लिब्रेऑफिसमध्ये बेरजेसकट उघडला, कन्येचं मराठी टायपिंगही जमलं. ही दोन दिवस लांबूनच पाहत होती. तिसऱ्या दिवशी तिने एकच प्रश्न विचारला, ''यात माझे पत्ते आहेत का?'' शोधून बसवून दिले. तेव्हापासून ते यंत्र रात्री दहाच्या आत माझ्या हाती लागलेलं नाही.