‘प्याली’ आणि ‘सोडली’ : ‘सांगत्ये ऐका’मधील व्यसनकथनाचा विचार

दारूने उद्ध्वस्त झालेल्या संसाराचे चित्र मराठी वाङ्मयाला नवे नाही. परंतु त्या चित्रातील भूमिका फार लवकर ठरून गेल्या. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ त्यांच्या मृत्यूनंतर 1919 मध्ये रंगभूमीवर आले, आणि पिणारा सुधाकर व सोसणारी सिंधू ही जोडी मराठी मनात दृढ झाली. या योजनेत स्त्रीला दारूची झळ लागते ती पतीच्या हातातील पेल्यामुळे. पिणारी स्त्री स्वतःच बोलू लागली तर तिला कोणती भाषा उपलब्ध असते, हा प्रश्न हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ (1970) या आत्मकथनामुळे उपस्थित होतो.

अनंत माने यांच्या 1959 च्या ज्या चित्रपटाने हंसाबाईंची कीर्ती शिगेला पोहोचली, त्याचेच नाव या ग्रंथाने घेतले आहे. 1977 मध्ये श्याम बेनेगल यांनी त्याच्या आधारे ‘भूमिका’ हा चित्रपट काढला. ग्रंथाविषयीची चर्चा बहुधा त्यातील धीटपणापाशी थांबते. वस्तुतः तो धीटपणा व्याकरणाच्या अंगानेही तपासण्याजोगा आहे.

मराठीत ‘पिणे’ हे क्रियापद सकर्मक असूनही भूतकाळी कर्तरी प्रयोगात राहते : ‘तो दारू प्याला’, ‘ती दारू प्याली’. कर्त्याचे लिंग क्रियापदावर उमटते. ‘सोडणे’ मात्र कर्मणी प्रयोगात जाते : ‘त्याने दारू सोडली’, ‘तिने दारू सोडली’. येथे क्रियापद दारूच्या मागे जाते. कर्ता पुरुष की स्त्री, हे त्यावरून कळत नाही. ‘मी दारू सोडली’ या वाक्यात तर बोलणाऱ्याच्या लिंगाची कोणतीच खूण उरत नाही. आणि ‘दारू सुटली’ असे म्हटले की कर्ताच नाहीसा होतो. व्याकरणाने समाजाची दृष्टी घडवली असा निष्कर्ष यावरून काढणे अर्थातच धाडसाचे होईल. परंतु समाजाचा व्यवहार असाच चालतो, हे नाकारता येत नाही : प्यालेली स्त्री ‘स्त्री’ म्हणून लक्षात ठेवली जाते, तिने व्यसन सोडले तर त्या कर्तृत्वाची नोंद होत नाही.

या पार्श्वभूमीवर ग्रंथाचे शीर्षक अर्थपूर्ण ठरते. ‘सांगत्ये’ हे प्रथमपुरुषी, वर्तमानकाळी आणि निःसंशय स्त्रीलिंगी रूप आहे. ‘ऐका’ या आज्ञार्थाने श्रोत्यालाही वाक्यात ओढून घेतले आहे. हंसाबाई व्यसनातून मुक्त झाल्याची कथा हा ग्रंथ सांगत नाही, आणि तसा आव त्याने आणलेला नाही, हे त्याचे मोल होय. दारूचा सारा दोष पतीवर टाकून लेखिका मोकळी होत नाही. पण विवाहातील जाच झाकूनही ठेवत नाही. मराठवाड्यातील प्रकरण या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. संसार टाकून त्या परपुरुषाबरोबर एका खेड्यात गेल्या. तेथील आश्रयच कोंडवाडा ठरला, आणि सुटकेसाठी ज्याच्याकडे पाहावे लागले तो अखेर पतीच. ‘सोडणे’ आणि ‘सुटणे’ या दोन क्रियांमधील अंतर एवढ्या तीव्रतेने दाखविणारे प्रकरण मराठी आत्मकथनात विरळाच.

व्यसनमुक्तीच्या पुढील काळातील चळवळींनी या भाषेत काही भर घातली. 1935 मध्ये अमेरिकेत उगम पावलेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेत ‘सोडली’ या भूतकाळावर विसंबले जात नाही; निश्चय केवळ आजच्या दिवसापुरता असतो, आणि इतर ऐकत असताना तो उच्चारावा लागतो. पुण्यात 1986 मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगणाने रुग्णांच्या पत्नींच्या गटाला ‘सहचरी’ असे सुंदर नाव दिले, आणि स्त्री-रुग्णांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभागही उभा केला. तरीही व्यसनी स्त्रीच्या पतीसाठी ‘सहचर’ हा शब्द त्याच अर्थाने अद्याप रुळलेला नाही. सिंधूचा वारसा स्त्रीकडे सहज येतो. पुरुषाने तो घ्यावा अशी अपेक्षाही फारशी केली जात नाही.

पिणारी स्त्री म्हणजे शहरी, सुखवस्तू स्त्री, ही समजूतही टिकणारी नाही. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील 15 वर्षांवरील स्त्रियांत मद्य घेणाऱ्यांचे प्रमाण शहरांत 0.6 टक्के, तर ग्रामीण भागात 1.6 टक्के आढळले. पाहणीत ‘होय’ म्हणायलाही धैर्य लागते, हे ध्यानी घेता हे आकडे किमान समजावेत. जालना जिल्ह्यातील जांब ही समर्थ रामदासांची जन्मभूमी. श्रोता-वक्ता संवादावर उभ्या असलेल्या ‘दासबोधा’त नवविधा भक्तीचा आरंभ श्रवणापासून होतो. त्याच जिल्ह्यातील एखाद्या वाडीवर एखादी स्त्री उद्या ‘सांगत्ये’ म्हणाली, तर ‘ऐका’ हा आज्ञार्थ पाळण्याची जबाबदारी तिच्या पतीवर आणि गावावर येते. हंसाबाईंच्या ग्रंथाने सांगणारीची बाजू 1970 मध्येच पुरी केली आहे. ऐकणाऱ्याची बाजू मराठी वाङ्मयात अजून लिहिली जावयाची आहे.